ग्रामन्यायालये: ‘शकेल’ आणि ‘करील’



न्यायदानातील सुधारणेचा विषय निघाला की उच्च न्यायालयाची खंडपीठे आणि न्यायाधीशांच्या रिक्त जागा यांचीच चर्चा होते. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याला जाणारा आणि पुढची तारीख घेऊन परतणारा शेतमजूर तीत कोठेच नसतो. त्याच्यासाठी कायदा मात्र झालेला आहे.

ग्रामन्यायालय अधिनियम २००८ साली संमत झाला व २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आला. न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन काम चालवावे, दिवाणी दाव्याचे शुल्क शंभर रुपयांहून अधिक नसावे, दावा सहा महिन्यांत निकालात काढावा, असे त्यात आहे. विहिरीचे पाणी, गायरान, वाट्याची शेती, सावकारी देणे, थकलेली मजुरी, अस्पृश्यतेचे गुन्हे, हे सारे त्याच्या अनुसूचींत घातले गेले.

मग ही न्यायालये इतकी थोडी का? उत्तर तिसऱ्या कलमात आहे. राज्य सरकार, उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून, ती ‘स्थापन करू शकेल’. ‘स्थापन करील’ नव्हे. केंद्राने प्रत्येक न्यायालयामागे एकदाच १८ लाख रुपये आणि आवर्ती खर्चाचा निम्मा वाटा देऊ केला, तोही वर्षाला ३ लाख २० हजारांपर्यंत आणि पहिली तीनच वर्षे. पुढचा भार राज्यांवर. राज्यांनी त्या ‘शकेल’चा आसरा घेतला. अखेर जानेवारी २०२० मध्ये मागे राहिलेल्या राज्यांना चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. विधी आयोगाच्या १९८६ च्या ११४ व्या अहवालात न्यायाधीशाबरोबर दोन सामान्य नागरिक बसावेत, अशी शिफारस होती. कायद्यात ते दोघे गळाले. जातपंचायतीचा जाच सोसलेल्या दलितांना गावातल्या ‘प्रतिष्ठितां’ची धास्ती वाटणे रास्तच आहे, पण त्या खुर्चीवर शेतमजूर स्त्री बसेल अशी तरतूद करता आली असती.

पुराव्याचे नियम सैल केलेले न्यायालय म्हणजे गरिबांसाठी दुय्यम न्याय, असा आक्षेप घेतला जातो. अपिलाचा मार्ग खुला आहे. आणि तारखांच्या फेऱ्यांतच थकून हरलेल्या माणसाला पहिल्या दर्जाचा न्याय तरी कोणता मिळाला होता?

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७७ पासून दुय्यम न्यायालयांची रचना समवर्ती सूचीत आली. तेव्हा राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य विधिमंडळ हे कलम आपल्यापुरते बदलू शकते: प्रत्येक पंचायत समितीमागे एक ग्रामन्यायालय, ठरलेल्या मुदतीत, अर्थसंकल्पातील तरतुदीसह. असे विधेयक कोण मांडणार, हे येत्या अधिवेशनापूर्वी तालुक्यातालुक्यात आमदारांना विचारले गेले पाहिजे.