वर्गातील अवधान आणि जाणिवेच्या अवस्था
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



मनुष्याची जाणीव आणि तिच्या अवस्था या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम साशंक होतो. हा विषय पंडितांचा, असा आपला समज असतो. परंतु मधल्या सुट्टीनंतरचा तिसरीचा वर्ग क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. हजेरीपत्रकाप्रमाणे सर्व मुले उपस्थित आहेत. तथापि एक पेंगत आहे, दुसरा खिडकीबाहेरील निंबाकडे पाहत कोठेतरी हरवला आहे आणि तिसरी मुलगी वाचता वाचता मध्येच थांबून शून्यात पाहत आहे. आपण तिघांवर एकच शेरा मारतो : 'लक्ष नाही'. या एका शेऱ्याखाली तीन सर्वस्वी भिन्न अवस्था दडलेल्या असतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

जाणिवेच्या अवस्थांचा विचार आपल्या खानदेशाला अपरिचित नाही. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे थोर विचारवंत तेथे काही काळ होते. आत्मजाणिवेवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९३० साली अमळनेरहूनच प्रकाशित झाला. मलकानी, दास आणि मूर्ती या तेथील तीन अभ्यासकांनी मिळून १९३३ साली 'अज्ञान' याच विषयावर ग्रंथ लिहिला. पूज्य साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिराच्या ओढीने. पुढे ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. तत्त्वज्ञानाचा जिज्ञासू मुलांमध्ये रमला, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडील तुर्या अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. तुर्येचा विचार आपण ज्ञात्यांवर सोपवू. सुषुप्तीविषयीचा एक जुना वाद मात्र शिक्षकाच्या उपयोगाचा आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य म्हणतो, "मी सुखाने झोपलो होतो, मला काहीच कळले नाही." आता, काहीच कळले नाही, हे तरी त्याला कशावरून कळले? वेदान्ती म्हणतो, ही आठवण आहे; अर्थात झोपेतही कोणी साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतो, छे, हे केवळ अनुमान आहे. निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण दोघेही उठलेल्या माणसाच्या साक्षीपासून आरंभ करतात, ही रीत आपण उचलावी. ज्याचे लक्ष नव्हते त्या मुलालाच प्रेमाने विचारावे, "बाळ, आता तू कोठे होतास?"

पेंगणारा मुलगा ओशाळून म्हणेल, "झोप लागली गुरुजी." त्याला आपली झोप ठाऊक असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे शेतपंपाला वीज पुष्कळदा रात्री मिळते; बापाबरोबर बॅटरी धरून गेलेला मुलगा मध्यरात्रीनंतर घरी येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच उठते आणि तिच्याबरोबर घर उठते. अलीकडे मोबाईलनेही रात्र लांबविली आहे. शिकलेले पक्के होण्याच्या कामी झोपेचा मोठा हात असतो. तेव्हा अशा मुलाला उभे करण्याची शिक्षा देऊन काय साधते? पालकांशी बोलावे, हे अधिक बरे.

निंबाकडे पाहणारा मुलगा आढेवेढे घेईल. परंतु धीर दिल्यास बैलांच्या शर्यतीची किंवा मामाच्या गावाची सविस्तर हकीकत सांगेल. तो जागा आहे, फक्त त्याचे मन दुसऱ्या शिवारात गेले आहे. असोद्याच्या बहिणाबाईंनी अक्षरओळख नसताना मनाची ही ओढ काव्यात आणली. आपण पदवीधरांनी तिला अपराध मानू नये. हाक मारली की तो परत येतो.

तिसऱ्या अवस्थेविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण त्यात माझीच चूक आहे. तापीकाठच्या एका गावी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. वाचताना ती मध्येच थांबे, आठ-दहा सेकंद टक लावून पाही, पापण्या किंचित फडफडत आणि मग त्याच शब्दापासून पुढे वाचू लागे. "थांबलीस का?" असे विचारले की म्हणे, "मी नाही थांबले गुरुजी." मी तिला खोटारडी ठरविले, हातावर छडीही मारली. दोन वर्षांनी धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की, हे फेफऱ्याचेच एक सौम्य रूप आहे. मुलगी खरे बोलत होती. झोपलेल्याला निदान 'मला कळले नाही' एवढी तरी साक्ष देता येते. हिच्याजवळ तीही नव्हती. सोबतिणींची बोटे पुढच्या ओळीवर गेलेली पाहून तिने काय ते अनुमान करावे!

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ साली मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. १९३५ साली अमेरिकेत आढळून आले की, अशा झटक्याच्या वेळी सेकंदाला सुमारे तीन या गतीने विशिष्ट लहरी उमटतात. हा विकार बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात, म्हणजे नेमका आपल्या हाताखाली असताना सुरू होतो. मूल खाली पडत नाही, हातपाय झाडत नाही. म्हणून घरी कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसातून असे झटके अनेकदा येतात आणि धड्याचे तितकेच तुकडे गळून पडतात. औषधाने बहुतेकांना गुण येतो. पुष्कळांचा विकार वयात येताना नाहीसाही होतो.

निदान करणे आपले काम नव्हे. पाहणे आणि नोंदविणे आपले काम आहे. हाक मारून व हलकेच स्पर्श करूनही मूल भानावर येत नसेल आणि काही सेकंदांनी आपोआप येत असेल, तर वेळ, कालावधी आणि तेव्हा चाललेले काम वहीत टिपून ठेवावे. शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला ती वही दाखवावी. पालकांना मात्र एकांतातच सांगावे. फेफरे हा शब्द गावात फुटला की मुलीच्या लग्नापर्यंतची चर्चा पारावर सुरू होते आणि पालक डॉक्टरांऐवजी भगताचा उंबरठा गाठतात.

त्या मुलीला औषध सुरू झाले आणि सहामाही परीक्षेनंतर तिने पूर्ण धडा न थांबता वाचला. मी वर्गासमोर तिची क्षमा मागितली. तिला त्याचे काही विशेष वाटले नसावे. तिने पुढचा धडा वाचू का, असे विचारले.