खणांची इमारत



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्याच नावाने शाळेची नवी इमारत उभी राहणार आहे. तिचा नकाशा कार्यवाहांनी मला मोठ्या आपुलकीने दाखविला. मी भाषेचा अध्यापक; वास्तुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही त्या नकाशाविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते एका मराठी शब्दाच्या आधाराने म्हणतो. तो शब्द म्हणजे ‘खण’.

दोन खांबांमधील जागा म्हणजे घराचा खण. आपले पूर्वज घर किती खोल्यांचे हे सांगत नसत. पाच खणांचे, आठ खणांचे असे सांगत. वाड्यातील बिऱ्हाडकरूला जागा मिळे तीही ‘दोन खण’. खोली भिंतींनी अडविलेली असते, खण खांबांनी तोललेला असतो. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कडीपाट, असा माडीचा भार लाकडी सांगाड्यातून जमिनीत उतरे. आतल्या कुडाच्या भिंतींना आडोशापलीकडे काम नसे. मुलगा वेगळा निघाला की मध्ये कूड घालावा, लग्नकार्य निघाले की तो काढून टाकावा. खणाचे माप तुळईचे लाकूड किती अंतर पेलते यावरून ठरे. त्या खणात स्वयंपाक होतो की पाढे म्हटले जातात, याच्याशी सुताराला कर्तव्य नसे.

म्हणूनच वाड्यांना दुसरे आयुष्य सहज लाभले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा भरविली ती पुण्याच्या भिडे वाड्यात. तेव्हा खास शाळेसाठी इमारत उभारण्याची वाट पाहावी लागली नाही. (तो वाडा २०२३ साली पाडण्यात आला.) विश्रामबाग वाड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावांनी तो स्वतःच्या निवासासाठी बांधविला. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि १८२१ मध्ये त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १९३० ते १९५९ या काळात तेथे पुण्याच्या नगरपालिकेचा, पुढे महानगरपालिकेचा कारभार चालला. पेशव्यांच्या सुताराने यांपैकी कशाचीही कल्पना केली नव्हती. त्याने खण तेवढे नेमके पाडले होते.

लाकडाचा दोष मी लपविणार नाही. १८७९ च्या आगीत विश्रामबागेचा काही भाग जळाला, आणि आपल्या इंदूरच्या राजवाड्याची १९८४ साली काय गत झाली, हे या सभागृहातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण हा दोष लाकडाचा, खणाचा नव्हे. सिमेंट-काँक्रीटचे खांब आणि तुळया म्हणजे खणांचेच घर. भिंत तेथेही भारमुक्त असते. नेदरलंड्समधील वास्तुविद हाब्राकेन यांनी १९६१ साली एका ग्रंथात हाच विचार मांडला : टिकाऊ सांगाडा समाजाचा, आतली मांडणी राहणाऱ्याची, आणि दोहोंचे आयुर्मान निरनिराळे. ते वाचताना मला आमच्या आजोळच्या माजघराची आठवण झाली. असो.

आता आपल्या नकाशाकडे वळतो. त्यात बारा वर्गखोल्या आहेत आणि त्यांच्या भिंती भार वाहणाऱ्या पक्क्या विटांच्या आहेत. खर्च थोडा वाचेल, हे खरे. परंतु त्या बारा खोल्या जन्मभर बाराच राहतील. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांची पटसंख्या कोणत्या दिशेने चालली आहे, हे येथे जमलेल्यांना मी सांगावयास नको. वर्ग रिकामे होण्याचा विचार पायाभरणीपूर्वी बोलून दाखविणे काहींना अभद्र वाटेल. मला तसे वाटत नाही. आपला समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे आणि पुढेही राहील. त्याला वाचनालय लागेल, वृद्धांना दुपारी बसावयास जागा लागेल, नाटकाच्या तालमी आणि गणेशोत्सव असतील. चार वर्ग मिटले तर तेथे ही कामे सुरू व्हावीत. कुलूप लागू नये. आणि पट वाढला, तर पडद्या पुन्हा उभ्या करून वर्ग भरवावेत. दोन्ही शक्यता त्याच खणांत सामावतात.

याला फार मोठी विद्या लागत नाही. खांब समान अंतरावर घ्यावेत. आतल्या भिंती हलक्या, काढता येण्याजोग्या असाव्यात. मात्र शेजारच्या वर्गातील आवाज अडेल अशा असाव्यात, नाहीतर शिक्षकच त्यांना शाप देतील. पाण्याचे नळ आणि शौचालये मजल्यावर मजला अशी एकाच कडेला असावीत, कारण पडदी हलविता येते, मोरी हलविता येत नाही. एक जिना थेट रस्त्याकडून असावा, म्हणजे शाळा बंद असतानाही वाचनालय उघडता येईल. तळमजल्यावर उतार असावा आणि मोठ्या जागेला दोन दारे असावीत. निवडणुकीत शाळेचे मतदान केंद्र होतेच. एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर, ही सोय तेव्हाही उपयोगी पडते. २०२० च्या साथीत देशातील कितीतरी शाळांचे विलगीकरण कक्ष झाले. तेव्हा कोणत्या इमारती उपयोगी पडल्या आणि कोणत्या अडचणीच्या ठरल्या, हे आपल्यापैकी डॉक्टरमंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. बांधकाम समितीने त्यांना एकदा अवश्य बोलवावे.

नकाशा अद्याप मंजुरीसाठी गेलेला नाही, असे कार्यवाह म्हणाले. खांबांच्या जागा अजून पेन्सिलीनेच दाखविलेल्या आहेत.