जाग कशानें येते?

रात्रीच्या या वेळीं बहुतेक घरांतून अंथरुणें पडूं लागतात. पाठ टेकतांच ज्यांचा डोळा लागतो, अशा भाग्यवंतांसाठीं आजचें भाषण नाहीं. ज्यांच्या देहांत एखादें दुखणें कायमचें बिऱ्हाड करून राहिलें आहे, आणि दिवा मालवल्यावर ज्यांची खरी परीक्षा सुरू होते, त्यांच्याशीं मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी डॉक्टर नव्हे. बारा वर्षें संधिवातानें पिडलेली एक निवृत्त शिक्षिका आहें, एवढाच माझा अधिकार.

आमचें बिऱ्हाड प्रभादेवीस, एका जुन्या चाळींत. माझे सासरे गिरणीकामगार होते. रातपाळी करून ते सकाळीं घरीं येत आणि साऱ्या मजल्याच्या गलबल्यांत डोळ्यांवर पंचा टाकून दुपारपर्यंत गाढ झोपत. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि भोंगे मुके झाले. त्या गोंगाटांत ते झोपले, आणि मी मात्र निजानीज झाल्यावरही टक्क जागी! सोमवारची मध्यरात्र उलटली कीं सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठीं अनवाणी चालत निघालेल्या मंडळींचें बोलणें आमच्या खिडकीखालून ऐकूं येतें. किती मंगळवार मीं त्या आवाजांच्या सोबतीनें उजाडतांना पाहिले, त्याची गणती नाहीं.

चरकसंहितेंत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. निरोगी माणसाचा यांतला एक खांब एखाद्या रात्रीं हलला, तर दुसऱ्या दिवशीं तो सावरतो. दीर्घ आजाऱ्याचें तसें नसतें. दुखण्यामुळें झोप जाते, आणि झोप गेली कीं तेंच दुखणें दुसऱ्या दिवशीं दुप्पट जाणवतें. हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं माणूस कोणताही उपाय करावयास तयार होतो.

मीही झालें. जायफळ उगाळून दुधांतून घेतलें. काशाच्या वाटीनें तळपायांस तूप चोळून घेतलें. त्यानें बरें वाटे, पण पहांट चुकत नसे. शेवटीं एका शेजारणीनें आपल्या झोपेच्या गोळ्यांतील एक मला दिली. त्यांना ती लागू पडली होती, म्हणून मलाही पडेल, एवढाच माझा विचार. त्या रात्रीं झोप लागली खरी. पण पहांटे उठलें तों पाय लटपटले आणि मोरीच्या उंबरठ्याशीं मी कोसळलें. मनगट मोडलें. आमच्या यजमानांनीं मला उचललें. ते सत्तरीचे, त्यांतून रक्तदाबाचे रोगी. त्यानंतर मी नुसती कूस वळवली तरी ते दचकून उठून बसत. "अहो, मी बरी आहें, तुम्ही झोपा," असें मी म्हणें. पण त्यांचा डोळा लागत नसे. एकाच्या दुखण्यानें आतां दोघांची झोप नेली होती, आणि याचें मला मनगटापेक्षां अधिक दुःख झालें.

डॉक्टरांकडे गेलें तेव्हां मीं एखाद्या चांगल्या गोळीचें नांव विचारलें. त्यांनीं उलट मलाच विचारलें, "झोप येत नाहीं हें कळलें, पण जाग कशानें येते?" बारा वर्षांत हा प्रश्न मीं स्वतःला कधीं विचारला नव्हता. त्यांनीं चौदा रात्रींची टिपणें ठेवावयास सांगितलीं: रात्रीं घड्याळ पाहावयाचें नाहीं, सकाळीं उठल्यावर अदमासानें लिहावयाचें.

वहींतून निघालें तें असें. मी जिला एक निद्रानाश समजत होतें, ती चार निरनिराळीं जागरणें होतीं. पहिलें, मुळांत डोळाच न लागणें. सांध्यांची सूज उतरविणारी स्टेरॉइडची गोळी मी सोयीसाठीं संध्याकाळीं घेत असें, आणि ती उशिरा घेतली तर झोप उडवूं शकते. शिवाय साडेपांचचा चहा होताच. दुसरें जागरण दोनच्या सुमाराचें, लघवीसाठीं. रक्तदाबावरची माझी एक गोळी लघवी वाढविणारी होती, आणि ती मी रात्रीच्या जेवणानंतर घेत होतें! तिसरें पहांटेचें, बोटें आखडण्याचें. संधिवातांत शरीरांतील दाह रात्रीच्या उत्तरार्धांत वाढतो, म्हणून हा ठणका खरा. आणि चौथें? त्या रात्रीं कांहींच दुखत नव्हतें. "आज तरी झोप येईल ना?" या भीतीनेंच मी जागी होतें.

डॉक्टरांनीं दोन गोळ्या सकाळीं घ्यावयास सांगितल्या, संधिवाताच्या मूळ औषधांत फेरफार केला, आणि रात्रीं मनगटास आधाराची पट्टी दिली. चहा मीं दुपारीं तीनवर आणला. झोपेचें म्हणून एकही नवें औषध न घेतां तीन जागरणें पुष्कळ सौम्य झालीं.

माझा उपाय आपण जसाच्या तसा उचलावा, असें मात्र मुळींच नाहीं. तीच तर माझी चूक होती. दमेकऱ्यास पहांटे धाप लागून जाग येत असेल, तर दमा आटोक्यांत नाहीं असें समजावें. त्याला हवें तें दम्याचें औषध. मधुमेही रात्रीं वारंवार उठत असेल, तर आधीं साखर पाहावी. ज्याचे पाय अंथरुणावर पडतांच वळवळूं लागतात आणि हलविल्याशिवाय राहवत नाहीं, त्यानें रक्तांतील लोह तपासून घ्यावें. मूत्रपिंडाच्या रोग्यांतही ही पीडा पुष्कळ आढळते. जो मोठ्यानें घोरतो आणि मध्येंच ज्याचा श्वास थांबतो, त्यास झोपेची गोळी घातकही ठरूं शकते. त्याला श्वासमार्ग मोकळा ठेवणारें यंत्र लागतें. तक्रार एकच, "झोप नाहीं". पण प्रत्येकाच्या दाराशीं चोर निराळा.

"पण वनस्पतीचें औषध निर्धोक ना?" असें पुष्कळजण विचारतात. आमच्याजवळच परळला के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडलें, आणि जगाचें लक्ष या भारतीय वनस्पतीकडे गेलें. मन शांत करण्यासाठीं व झोपेसाठीं ती आपल्याकडे पूर्वापार दिली जात असे. १९५२ सालीं तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पुढें तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत खिन्नतेच्या आणि भयंकर स्वप्नांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. मुळी गुणकारी होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांत गुण आहे त्यांत दोषही असूं शकतो. प्रयोगशाळेंतील औषधांचीही तीच गोष्ट. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड हें झोपेचें निर्धोक औषध म्हणून विक्रीस आलें. गर्भवती स्त्रियांनीं तें घेतल्यामुळें हजारों अर्भकें व्यंग घेऊन जन्मास आलीं, आणि १९६१च्या अखेरीस तें मागें घ्यावें लागलें.

म्हणून झोपेच्या गोळ्यांना मी शिव्याशाप देत नाहीं. कठीण प्रसंगीं, थोड्या दिवसांसाठीं, डॉक्टरांच्या नजरेखालीं त्यांचा उपयोग होतो. पण अल्प्राझोलम, डायझेपाम, झोलपिडेम यांसारख्या गोळ्यांची नोंद औषधविक्रेत्यानें वहींत ठेवावी, असा नियम आपल्या देशांत २०१४ पासून लागू झाला, तो उगाच नव्हे. त्यांची संवय लागते. वृद्धांचा तोल जातो. आणि ज्यांना संवय लागली आहे त्यांनीं माझें भाषण ऐकून आज रात्रींच त्या बंद करूं नयेत. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच उतरवाव्या लागतात.

राहिलें चौथें जागरण, भीतीचें. त्यावर गोळीपेक्षां संवयींचा उपचार श्रेष्ठ ठरला आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनीं १९७२ सालीं त्याचें एक सूत्र मांडलें: अंथरूण केवळ झोपेसाठीं ठेवा, डोळा लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसा, पेंग आली कीं परत या, आणि सकाळीं ठराविक वेळीं उठा. यासारख्या उपायांची जी पद्धत पुढें बनली, तीच जुन्या निद्रानाशावर औषधाआधीं वापरावी, असें अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१६ सालीं सांगितलें. हें वाचून मला सासूबाईंची आठवण झाली. सकाळ होतांच त्या अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यांत उभी करीत. दिवसां तिच्याकडे कुणी फिरकत नसे. एका खोलींत दहा माणसें राहत, म्हणून ती अडचणीची सोय होती. पण अंथरूण म्हणजे झोप, हें नातें त्या वळकटीनें टिकविलें होतें. आम्हीं पलंग घेतला, आणि मी दिवसभर त्यावरच पडून वाचूं लागलें, काळजी करूं लागलें.

आतां मी खिडकीशीं एक खुर्ची ठेवली आहे. जाग आली तर मंद दिव्यांत तेथें बसतें. ज्यांना उठतांना पडण्याची भीति आहे, त्यांनीं मात्र उठूं नये. उशीला टेकून अंथरुणावरच बसावें. आणि झोपेची वेळ मोजूनमापून कमी करण्याचा जो आणखी एक उपाय आहे, तो दीर्घ आजाऱ्यानें आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूं नये.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. सकाळीं उठल्याबरोबर "रात्रीं झोप लागली का?" असें आजाऱ्यास विचारूं नका. त्या मायेच्या प्रश्नानें रात्रीची परीक्षा होऊन बसते. आमच्या यजमानांनीं तो प्रश्न सोडला. आतां ते फक्त चहा पुढें ठेवतात.

मी पूर्ण बरी झालें, असें सांगणार नाहीं. आठवड्यांतील दोन-तीन रात्री अजून मोडक्या जातात. गेल्या सोमवारीं रात्रीं अशीच जाग आली. खिडकीखालून मंडळी चाललीं होतीं. मी खुर्चींत बसलें आणि मागें वळून पाहिलें, तर यजमान शांत घोरत होते. मी उठलें तरी ते दचकले नाहींत. त्या रात्रीं मला फारशी झोप मिळाली नाहीं; पण आमच्या घरांत झोप परत आली होती.

तेव्हां, श्रोतेहो, उपाय शोधण्यापूर्वीं एक वही घ्या, आणि चौदा सकाळीं स्वतःला एवढेंच विचारा: जाग कशानें येते? मग ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.