मुदतीचा ताप आणि जंतूंची वंशावळ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



'मुदतीचा ताप' हा शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मुदत भरेपर्यंत रोगी तगला तर तगला, अशी पूर्वीची स्थिती होती. १९४८ साली या तापावर क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध लागू पडले आणि टायफॉइडची धास्ती गेली असे सर्वांना वाटले. पण रोग गेला नाही. २०१९ साली जगात अंदाजे ९० लाख लोकांना टायफॉइड झाला व सुमारे १ लाख १० हजार दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

टायफॉइडचा जंतू फक्त माणसाच्या शरीरात वाढतो व दूषित अन्नपाण्यावाटे पसरतो. औषध विनाकारण किंवा अर्धवट घेतले की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. १९७२ साली केरळात आणि मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड आढळला. पुढे एकामागून एक औषधे निकामी होत गेली.

या चिवट जंतूंचा माग कसा काढावा? विद्यार्थी मित्रांनो, दोन उत्तरपत्रिकांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर कोणी कोणाचे पाहून लिहिले हे गुरुजी ओळखतात. शास्त्रज्ञही तेच करतात. या जंतूच्या जीनोममध्ये सुमारे ४८ लाख अक्षरे आहेत. ती प्रथम २००१ साली संपूर्ण वाचली गेली. जंतू आपली नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकतो. ज्यांच्या चुका सारख्या, ते एका कुळातले. अशा रीतीने जंतूंची वंशावळ मांडता येते.

याचा उपयोग पाकिस्तानातील सिंध प्रांतात दिसला. २०१६ च्या अखेरीस तेथील हैदराबाद शहरात पाच प्रकारच्या औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. दोन वर्षांत सिंधमध्ये असे ५,००० हून अधिक रोगी नोंदले गेले. तोंडाने घेण्याचे अॅझिथ्रोमायसिन हे एकच भरवशाचे औषध उरले. कराचीच्या आगा खान विद्यापीठाने व इंग्लंडच्या सँगर संस्थेने जंतूंचे जीनोम वाचून २०१८ साली उलगडा केला: आधीच चिवट असलेल्या कुळाने दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून, बहुधा ई. कोलायकडून, प्रतिकाराची जनुके उचलली होती. त्याच शहरात मुलांना लस टोचण्यात आली. ती लस आपल्या दख्खनच्या हैदराबादेत तयार झालेली होती! २०१९ साली पाकिस्तानने ती नित्य लसीकरणात घेतली. आपल्याकडे नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची लस दिली. पुढे बांगलादेशात अॅझिथ्रोमायसिनलाही दाद न देणारे जंतू सापडले, तेव्हा एका अक्षराचा फरक त्याला कारण असल्याचे आढळले.

पालकांनो, या साऱ्याची सुरुवात मुलाच्या थोड्याशा रक्तापासून होते. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढला, तरच कोणते औषध चालेल ते कळते व त्याचा जीनोम वाचता येतो. विडाल तपासणीत जंतू हाती लागत नाही. तिचा निष्कर्ष पुष्कळदा फसवाही असतो. एक गृहस्थ नऊ दिवसांच्या तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. दुकानातून विचारून आणलेली तीन औषधे तिला देऊन झाली होती. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. औषधांनी जंतू दबला होता, मेला नव्हता. आम्हांला अंदाजानेच उपचार करावे लागले. मुलगी बरी झाली; पण ते दिवस तिच्या आईने कसे काढले, ते मी पाहिले आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. ताप हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या कल्चरबद्दल त्यांना विचारा. औषधाचा कोर्स पुरा करा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा. लशीविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

आणि मुलामुलींनो, या कामाला जीवशास्त्र लागते, तितकेच गणित आणि संगणकही लागतो. आपल्या शाळेतून असे एक-दोन जण तयार झाले, तर मला फार आनंद होईल.