पेशींचं मरण

भाजलेल्या त्वचेतल्या पेशी फुगतात, फुटतात. आतला ऐवज बाहेर सांडतो आणि भोवती सूज येते. हा अपघाती मृत्यू, नेक्रोसिस.

पेशीचा दुसरा मृत्यू ठरवून येणारा, अ‍ॅपॉप्टोसिस. त्याचं काम शिस्तीचं. पेशी आक्रसते, कॅस्पेज नावाची एन्झाइम्स तिची प्रथिनं कापतात, डीएनएचे तुकडे होतात. पटलात गुंडाळलेलं हे सामान भक्षक पेशी गिळून टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही. गर्भात बोटं सुटी होतात, तीही मधल्या पेशी अशा मेल्यामुळेच.

सी. एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटरचा कृमी. उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ अशाच शिस्तीत मरतात, त्याही ठरलेल्याच! या कृमीतलं पेशींचं मरण आणि ते घडवणारी जनुकं शोधल्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२चं नोबेल मिळालं.

माणसातही तशीच जनुकं आहेत. ती बिघडली, तर मरायला हवी ती पेशी जगत राहते. अनेक कर्करोगांत हेच घडतं.