आधी क्रियापद शोधा

(स्नेहमेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संपादित)



शाळेत शिकलेली एखादी गोष्ट पुढे आयुष्यात कशी उपयोगी पडली, यावर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं असं संयोजकांनी कळवलं होतं. कुणी कवायतीवर बोललं, कुणी गणितावर. माझा विषय ऐकून मघाशी मागच्या बाकावर हसू फुटलं, तेही नेमकं दहावीत जिथून फुटायचं तिथूनच. विषय आहे फ्रेज आणि क्लॉज.

हसा. पण माझं घर गेली तेहतीस वर्षं याच दोन शब्दांवर चालतं. वकिलांसाठी आणि कोर्टकामासाठी कागदपत्रांचं इंग्रजी-मराठी भाषांतर करणं हा माझा व्यवसाय. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जबाब, करारनामे. शब्द अडला तर शब्दकोश असतो. वाक्याचा कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला बांधला आहे हे मात्र कुठल्याच कोशात सापडत नाही. ते बाईंनी शिकवलं. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना कदाचित आठवणारही नाही, पण फळ्यावर लांबलचक वाक्य लिहून त्या एवढंच म्हणायच्या, "आधी क्रियापद शोधा. मग त्याचा मालक शोधा."

ज्यांना परीक्षेबरोबर सगळं विसरायला झालं त्यांच्यासाठी थोडी उजळणी. 'बिफोर सनराइज' ही फ्रेज. 'बिफोर द सन रायझेस' हा क्लॉज. दोन्हींचा अर्थ तोच, काम तेच, सुरुवातीचा शब्दही तोच. फरक इतकाच, की दुसऱ्यात काळ दाखवणारं क्रियापद आहे आणि त्याला स्वतःचा कर्ता आहे. 'द बॉय सिटिंग ऑन द वॉल' यातलं 'सिटिंग' क्रियापदासारखं दिसतं, पण त्याला काळ नाही. तेव्हा ती फ्रेजच. 'द बॉय हू इज सिटिंग ऑन द वॉल' म्हटलं की 'हू इज सिटिंग ऑन द वॉल' हा क्लॉज झाला. शब्द मोजून हे ठरत नाही. 'ही केम' हे दोन शब्द क्लॉज आहेत, आणि दहा शब्दांची फ्रेज सहज असू शकते.

पुढची पायरी आपल्याला छळायची: पिक आउट द सबऑर्डिनेट क्लॉज अँड स्टेट इट्स काइंड. आपल्यापैकी निम्म्यांनी ठरवून टाकलं होतं की 'व्हेन' दिसला की ॲडव्हर्ब क्लॉज लिहायचा आणि पुढे जायचं. बाईंनी मग फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. 'आय नो व्हेन ही केम.' 'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम.' 'आय वॉज कुकिंग व्हेन ही केम.' तिन्हींत 'व्हेन ही केम' अक्षरशः सारखं. पहिल्यात मला काय ठाऊक आहे, याचं ते उत्तर, म्हणून नाउन क्लॉज. दुसऱ्यात कोणता दिवस हे सांगतं, म्हणून ॲडजेक्टिव्ह. तिसऱ्यात स्वयंपाक केव्हा चालला होता, म्हणून ॲडव्हर्ब. एकच बाई माहेरी लेक, सासरी सून आणि शाळेत मुख्याध्यापिका असते, तसंच हे. ती कुणाच्या नात्याने उभी आहे ते बघायचं, तोंडावळा बघायचा नाही.

खरं तर हे मराठीच्या तासालाही येऊन गेलं होतं. केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. पण दोन्ही तासांची सांगड आपली आपणच घालायची होती, आणि कुणी ती घातली नाही. इंग्रजीच्या तासाला तर्खडकरांची पाठमाला, थोड्या श्रीमंत घरात रेन अँड मार्टिन. (या जोडीतले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांनीच 1924 साली 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच फॉरिन लिजनवरची साहसकथा लिहिली, हे मला फार उशिरा कळलं. व्याकरणाच्या पुस्तकात त्या साहसाचा मागमूस नव्हता.)

आपल्या चुका वेंधळेपणाच्या नव्हत्या, हे मला या धंद्यात पडल्यावर नीट दिसलं. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट' असं आपण लिहायचो आणि 'बट'भोवती लाल गोल यायचा. मराठीत 'जरी' आला की 'तरी' यायलाच हवा. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. बैलजोडी असते, एकाच बाजूला जुंपून गाडी निघत नाही. इंग्रजीत दोन क्लॉजना एक जोडणारा शब्द पुरतो. तसंच 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन'. 'स्टेशन कुठे आहे' हे वाक्य मराठीत सुटं विचारलं काय आणि 'मला सांगा' याच्या पोटात घातलं काय, त्याचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की साध्या विधानासारखा सरळ होतो, 'व्हेअर द स्टेशन इज'. आपण आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत होतो, एवढंच.

उलट काही ठिकाणी मराठी जास्त काटेकोर आहे. 'द फ्रेंड ऑफ द बॉय हू केम फ्रॉम मुंबई' यात मुंबईहून कोण आलं, मुलगा की मित्र? इंग्रजी वाक्य सांगत नाही. मराठीत 'मुंबईहून आलेला मुलाचा मित्र' आणि 'मुंबईहून आलेल्या मुलाचा मित्र' ही दोन वेगळी माणसं आहेत. एका 'ल्या'ने काम झालं. सामान्यरूप घोकताना आपण ज्याला शिव्या दिल्या तोच हा 'ल्या'. म्हणजे असलं इंग्रजी वाक्य मराठीत आणताना मला निर्णय घ्यावाच लागतो, आणि अंदाजाने घेता येत नाही, कारण त्या 'हू'च्या मागे कधी जमीन असते, कधी पोटगी. मृत्युपत्रात 'माय नेफ्यूज हू लुक्ड आफ्टर मी' असं असेल तर ज्यांनी सेवा केली त्याच पुतण्यांना वाटा. 'हू'च्या आधी आणि 'मी'च्या नंतर स्वल्पविराम पडले की सगळ्याच पुतण्यांनी सेवा केली असं धरून सगळ्यांना वाटा. टंकलेखकाच्या बोटाखालची दोन टिंबं.

एक गाजलेलं प्रकरण सांगते. कॅनडात रॉजर्स ही केबल कंपनी आणि अलायंट ही टेलिफोन कंपनी यांच्यात खांबांच्या वापराचा करार होता. त्यातल्या कलमाचा आशय असा: करार सहीपासून पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतीने चालू राहील, अनलेस एका पक्षाने एक वर्ष आधी लेखी नोटीस देऊन तो संपवला. पहिली पाच वर्षं सरायच्या आतच अलायंटने करार संपवायचं कळवलं. रॉजर्सचं म्हणणं, 'अनलेस'चा क्लॉज फक्त पुढच्या मुदतींना लागू आहे, पहिली पाच वर्षं पक्की. अलायंटचं म्हणणं, तो दोन्हींना लागू आहे. 'अनलेस'च्या आधी स्वल्पविराम होता. 2006 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने त्या स्वल्पविरामावर बोट ठेवून अलायंटच्या बाजूने निकाल दिला. रॉजर्सने मग त्या कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रत पुढे आणली, तिच्यात अशी संदिग्धता नव्हती, आणि 2007 मध्ये आयोगाने आपलं मत फिरवलं. आपल्या पेपरात हा प्रश्न दोन मार्कांचा असायचा.

माझ्याकडचा एक प्रसंग यापुढे अगदी लहान, पण मला जवळचा. एका बाईंचा मराठी जबाब इंग्रजीत करायला आला. घराच्या वाटणीचा वाद. जबाबात वाक्य होतं, "भाऊ म्हणाला की मी सगळे हप्ते भरले आहेत." सोबत आधी दुसरीकडून करून घेतलेलं भाषांतर जोडलेलं होतं, त्यात लिहिलं होतं, 'माय ब्रदर सेड दॅट ही हॅड पेड ऑल द इन्स्टॉलमेंट्स.' भाषांतर वाचायला गुळगुळीत. पण मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं 'की' लावून जसंच्या तसं सांगतो, आणि कधी कधी आपल्या बाजूनेही सांगतो. या 'मी'चा मालक कोण? भाऊ, की जबाब देणाऱ्या बाई? भावाने स्वतःची बढाई मारली, की बहिणीने भरल्याची कबुली दिली? मराठी वाक्य दोन्ही अर्थ पोटात घेऊन गप्प बसतं. इंग्रजीतल्या नाउन क्लॉजमध्ये 'ही' लिहायचं की 'आय', हे ठरवल्याशिवाय पेन पुढे जात नाही.

मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "अहो बाई, आधीचंच उचला ना, तारीख परवा आहे." मी म्हटलं, त्यांना विचारून या, तोवर मी पुढची पानं करते. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बँकेच्या पावत्या. प्रत्येक पावतीवर त्यांची सही. त्या म्हणाल्या, "मीच भरले ओ ताई. तोच म्हणाला होता ना तसं, सगळ्यांसमोर." मी वाक्याखाली टीप लिहिली आणि 'आय' घातला. निकाल काय लागला ते मला कळलं नाही, आमच्या धंद्यात बहुधा कळत नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण पाचवीत एबीसीडी गिरवली. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आहे. आपल्या मुलांची, नातवंडांची इंग्रजी आपल्यापेक्षा कितीतरी झरझर चालते, आणि त्याचा मला आनंद आहे. पण आपल्या शाळेतली पोरं आजही आपल्यासारख्याच घरांतून येतात, त्यांच्या घरी इंग्रजी कागद आला की आजही कुणाकडे तरी नेऊन वाचून घ्यावा लागतो. कर्जाचा, विम्याचा, नोकरीच्या अटींचा. मोबाइलवर भाषांतर होतं हे मला माहीत आहे, मीही पहिल्या खर्ड्याला वापरते. त्या हप्त्यांच्या वाक्याला तोही कुठलं तरी एक सर्वनाम निवडून मोकळा होतो, आणि बाईंच्या पिशवीतल्या पावत्या त्याला दिसत नाहीत.

माजी विद्यार्थी निधीतून संगणक घ्यायचं ठरतंय, जरूर घ्या, माझी वर्गणी मी दिली आहे. त्याशिवाय मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीसाठी एक तास मी घेणार. धडे नाहीत, खरे कागद वाचायचे: भाडेपट्टा, वॉरंटी कार्ड, नोटीस. वर्गातले जे बँकेत होते, विम्यात होते, त्यांनी नावगाव खोडून जुने नमुने मला पाठवावेत. मागच्या बाकावरच्या मंडळींनी विशेषकरून. बाई, पहिल्या शनिवारी तुम्ही यायचं आहे, रिक्षा मी पाठवते. फळ्यावर 'व्हेन ही केम'ची तीन वाक्यं तुमच्याच अक्षरात हवीत.