पत्ती तपासा
(राहुरीत तरुण पोरांपुढं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत पाठीवर पोती वाहतो. मॅट्रिक आहे, कविता लिहितो. पण आज कविता वाचणार नाही. सनईच्या पत्तीवर बोलणार आहे. हसू नका.

माझा बाप सनई वाजवायचा. इथल्याच पंचक्रोशीत एका लग्नात ऐन वरातीला सनई चिरकली, मग बंदच पडली. मालक ओरडला, "जातच भिकार, सूर कुठून निघणार?" बाप मान खाली घालून उभा. मी आठ वर्षांचा होतो.

आता मला कळतं, रोग जातीत नव्हता, पत्तीत होता. पत्ती म्हणजे ताडाच्या पानाच्या पातळ पाती, बारीक नळीवर दोऱ्यानं आवळलेल्या. दोन ओठांसारख्या. फुंकर फटीतून जाते, पाती थरथरतात, त्या थरथरीचा सूर होतो. पाती थुंकीनं ओल्या पाहिजेत. कोरड्या पडल्या की ताठरतात, चिरकतात, मुक्या होतात. आणि बापाला सकाळपासून मांडवाबाहेर उन्हात बसवलेलं. पाणी मागितलं तर "थांब रे". तोंड कोरडं, पत्ती कोरडी. सनई गप्प कुणी केली ते तुम्हीच सांगा.

म्हणून पोरांनो, सनई अडली की आधी पत्ती काढून एकटी फुंका. एकटी बोलली तर रोग खाली, लाकडाच्या चिरेत नाहीतर सांध्यात. एकटीही बोलली नाही तर रोग तिच्यातच. तोंडात धरून भिजवा. फट मिटली असेल तर सुईनं हळूच उघडा. सनईला लटकणारी ती सुई शोभेची न्हाई. फट फार उघडी असेल तर छाती फुटेस्तोवर फुंकावं लागतं. मग चपट्या बाजूनं दोन बोटांत दाबा. दोऱ्यातून वारा फुसकत असेल तर मेण लावून पुन्हा बांधा. सूर उतरला तर नळी जरा आत सारा, चढला तर बाहेर काढा. पात चिरली तर फेकून द्या. जवळ दोन-तीन पत्त्या ठेवाच. वाजवून झाल्यावर पुसून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

हे कुठल्या पुस्तकातून नाही आणलं. मांगवाड्या-होलारवाड्यातल्या अडाणी म्हटलेल्या म्हाताऱ्यांची ही विद्या. १९४७ साली लाल किल्ल्यावर बिस्मिल्ला खानांची शहनाई वाजली, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. तिलाही पत्तीच लागते, तीही भिजवावीच लागते. आमच्या बापाच्या सनईला मात्र शिळी भाकर.

काही दोस्त म्हणतात, सनई चुलीत घाला, ती गुलामीची खूण आहे. मी म्हणतो, गावकी चुलीत घाला. फुकटचं वाजवणं, उष्ट्यावरचं वाजवणं बंद. विद्या आपली आहे, ती का जाळायची? वाजवायचं तर मजुरी आधी ठरवून, सावलीत बसून.

आणि पाण्याचा तांब्या आधी. पाणी नाही तर सूर नाही.

जय भीम.